नांगरापासून वडापपर्यंत : एका डिझेल इंजिनाच्या घराण्याची गोष्ट

पाऊस, फवारणी आणि बाजारभावाच्या नोंदी रोज असतातच. आज इंजिनाची नोंद करतो. आपल्याकडं जुना टेम्पो किंवा ट्रॅक्स विकायला निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मर्सिडीजचं इंजिन हाय, मरत नाय." या वाक्यावर दहा-वीस हजार रुपये जास्त मोजले जातात. म्हणून त्यात खरं किती आणि बोलाचालीचं किती, हे घेणाऱ्याला माहीत असावं. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी 1897 साली आपलं इंजिन नीट चालवून दाखवलं. जळणातल्या उष्णतेपैकी सुमारे 26 टक्के कामाला लागली. त्या काळी वाफेच्या इंजिनाला याच्या निम्मंसुद्धा जमत नव्हतं. पण हे इंजिन एका जागी बसून चालणारं होतं. सिलिंडरमध्ये तेल फवारायला दाबाची हवा लागायची, त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. एवढं धूड गाडीवर चढणार कसं?

तोड काढली बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज या इंजिनिअरनं. त्यानं 1909 साली एका युक्तीचं पेटंट घेतलं. मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी कोठी करायची आणि डिझेल पहिल्यांदा तिच्यात फवारायचं. कोठीत हवा कमी, म्हणून सगळं डिझेल तिथं जळत नाही. थोडं पेटतं, दाब वाढतो आणि उरलेलं जळतं मिश्रण बारीक भोकांतून जोरानं खाली सिलिंडरमध्ये घुसतं. तिथं भरपूर हवा मिळून ते पूर्ण जळतं. चुलीत आधी काटक्या-चिपाडं पेटवून मग मोठं लाकूड लावतो, तसंच हे. या पद्धतीत कॉम्प्रेसरची गरजच उरली नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. ही युक्ती चाकावर पहिल्यांदा चढली ती मोटारीत नव्हे, शेतात. 1922-23 च्या सुमारास बेंझ-झेंडलिंग नावाचा ट्रॅक्टर आला, दोन सिलिंडरचा, डिझेलवर चालणारा. जगातल्या पहिल्या डिझेल ट्रॅक्टरांत त्याची गणना होते. त्याच्या पाठोपाठ बेंझचा डिझेल ट्रक आला. 1926 साली बेंझ आणि डाइमलर एक झाले, 1927 पासून बॉशचा डिझेल पंप कारखान्यातून निघायला लागला, आणि 1936 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज 260 डी ही डिझेल मोटार मांडली गेली. 45 घोड्यांची ताकद आणि 100 किलोमीटरला साधारण साडेनऊ लिटर डिझेल. तशाच पेट्रोल गाडीला 13 लिटर लागायचं. गिऱ्हाईक कोण मिळालं? टॅक्सीवाले. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला हिशेब आधी कळतो.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीत धान्याची चणचण होती. आल्बर्ट फ्रीडरिश या इंजिनिअरनं शेतीसाठी एक यंत्र काढलं, त्याचं नाव उनिमोग. चारही चाकं सारखी, चारही चाकांना ताकद, पुढं आणि मागं पीटीओ. दोन चाकांमधलं अंतर 1270 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सव्वाचार फूट. हा आकडा आला बटाट्याच्या दोन सऱ्यांवरून. आधी पीक बघितलं आणि मग यंत्र आखलं. आजही अवजार बनवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं वाटतं.

या उनिमोगमध्ये 1948 साली ओएम 636 हे 1.7 लिटरचं इंजिन बसलं. पुढच्याच वर्षी तेच इंजिन मर्सिडीज 170 डी मोटारीत गेलं. इथला फरक बघा. मोटारीत त्याच्याकडून 38 घोड्यांचं काम घेतलं, उनिमोगमध्ये फक्त 25. इंजिन तेच, पण शेतात दिवसभर ओढ घ्यायची म्हणून फेरे कमी ठेवले. आपले ट्रॅक्टर दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांवर का बांधलेले असतात, याचं उत्तर यातच आहे. फेरे कमी तर पिस्टनची धावपळ कमी, रिंगा आणि बोअरची झीज कमी.

त्याच घराण्यात पुढं 1973 साली ओएम 616 जन्मलं. चार सिलिंडर, 2404 सीसी, 65 घोडे. हे मर्सिडीज 240 डी मोटारीत आलं. एवढ्या मोठ्या इंजिनातून एवढीच ताकद, हे ऐकून आजची पोरं हसतील. आता तेवढ्याच सीसीचं टर्बो इंजिन दुपटीपेक्षा जास्त ताकद देतं. पण त्याच्या आयुष्याचं पहिलं कारण हेच. ते कधी पुरतं पिळलं गेलं नाही.

दुसरं कारण बांधणी. ब्लॉक बिडाचा आणि हेडसुद्धा बिडाचं. क्रँकला पाच ठिकाणी आधार. टायमिंगला पट्टा नाही, दुहेरी साखळी. तिसरं कारण ती लोरांजची कोठी. स्फोट एकदम पिस्टनच्या माथ्यावर होत नाही, दाब टप्प्याटप्प्यानं येतो, त्यामुळं पिस्टन, बेअरिंग आणि क्रँकवर घणाचे घाव बसत नाहीत. चौथं कारण म्हणजे त्यात सेन्सर नाही, संगणक नाही. पंप, नोझल, फिल्टर आणि हिटर प्लग. तालुक्याच्या मिस्त्रीला पान्यांच्या पेटीवर जमेल एवढंच काम.

ग्रीस देशातल्या थेसालोनिकी शहरात एका टॅक्सीवाल्याकडं 1976 ची 240 डी होती. 2004 साली ती गाडी कंपनीच्या संग्रहालयात गेली तेव्हा तिचं धावणं 46 लाख किलोमीटर झालं होतं. ही गोष्ट लोक फार रंगवून सांगतात, पण अर्धी सांगतात. त्या माणसानं इंजिनं अनेकदा बदलली होती. जवळ जादा इंजिनं ठेवायचा, एक उतरवून दुरुस्त करायचा, तोवर दुसरं चालवायचा. म्हणजे 46 लाख किलोमीटर एका इंजिनानं केले नाहीत. ते केले इंजिन आणि वेळेवर निगा यांनी मिळून.

आता हे इंजिन आपल्या गावात कसं आलं ते बघू. जर्मनीत हॅम्बुर्गच्या फिडाल कंपनीची तीन चाकी मालगाडी होती, तिचं नाव टेम्पो. 1958 साली फिरोदियांनी त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो सुरू केली, आधी गोरेगावात, पुढं पुण्याजवळ आकुर्डीला. आज आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला "टेम्पो" म्हणतो, तो शब्द तिथला. मग मॅटाडोर आली. तिच्यात हानोमाग कंपनीचं डिझेल इंजिन होतं. तिकडं जर्मनीत टेम्पोचा कारखाना हानोमागकडं आणि हानोमागच्या गाड्यांचा धंदा डाइमलर-बेंझकडं गेला. जुनं नातं असं मर्सिडीजपर्यंत पोचलं. 1980 च्या दशकात ओएम 616 परवान्यानं आपल्याकडं बनायला लागलं आणि ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समध्ये बसलं. 2005 पासून कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं.

तिकडं जे इंजिन चार-पाच माणसांच्या मोटारीत होतं, ते इकडं वडापच्या ट्रॅक्समध्ये किती माणसं ओढत होतं हे मी सांगायला नको. टपावर भाजीच्या पाट्या, मागं लटकलेली पोरं, पुढं घाट. एसटी चुकली तरी तालुका गाठता आला, अडलेली बाळंतीण दवाखान्यात पोचली, बाजाराला माल वेळेत गेला. महाराष्ट्राच्या खेड्यांत या इंजिनाचं खरं काम हे आहे.

आता दुसरी बाजू. कोठीच्या पद्धतीत उष्णता कोठीच्या भिंतींत वाया जाते. थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन तेवढ्याच कामाला साधारण 15 टक्के डिझेल कमी खातं. थंडीत सकाळी हिटर प्लग तापल्याशिवाय जुनं इंजिन उठत नाही. आणि धूर. तो काळा धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 नियम आला, ट्रॅक्टरला 50 एचपीच्या वर 2023 पासून टप्पा-4 चा नियम लागला. त्यातून कॉमन रेल, सेन्सर, धूर गाळणारी यंत्रणा आली. नवं इंजिन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कमी डिझेलात जास्त काम देतं आणि हवा कमी घाण करतं. पण ते भेसळीचं डिझेल, साचलेलं पाणी आणि चुकीचं ऑइल पचवत नाही. जुनं इंजिन निष्काळजीपणा सोसायचं, नवं सोसत नाही, एवढा फरक धरून चाला.

म्हणून कुणी "मरत नाय" म्हणून जुनी गाडी गळ्यात मारत असेल, तर नावावर जाऊ नका. या गोष्टी बघा :

1) गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी थंडगार असताना समोर चालू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेली गाडी कधी घेऊ नका.

2) इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघा. धाप टाकल्यासारखी जोराची वाफ येत असेल तर रिंगा-बोअर संपलेत.

3) गरम झाल्यावरही निळा धूर असेल तर इंजिन ऑइल खातंय. भार नसताना काळा धूर असेल तर नोझल, पंप, एअर फिल्टर तपासा.

4) इंजिन थंड असताना रेडिएटर उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलला दुधाळ रंग दिसला तर हेड गॅस्केट किंवा हेडचं काम निघणार.

5) पासिंग, फेरनोंदणी आणि कागद आधी बघा. इंजिन चांगलं आणि कागद मेलेले, तर गाडी दारात उभीच राहील.

आणि गाडी असो, ट्रॅक्टर असो, विहिरीवरचं इंजिन असो, एक वही घाला. ऑइल कुठल्या तासाला किंवा किलोमीटरला बदललं, डिझेल फिल्टर कधी, एअर फिल्टर कधी, नोझल कधी दाबावर तपासलं. पिकाला खत कधी दिलं हे आपण लिहितो, तसंच हे. इंजिन विकायची वेळ आली तर मर्सिडीजच्या नावापेक्षा ती वही जास्त भाव देईल.

तुमच्या गावात ओएम 616 ची ट्रॅक्स किंवा ट्रॅव्हलर अजून चालू असेल तर जरूर कळवा. इंजिन किती वेळा बांधलं आणि कुठल्या मिस्त्रीच्या हातानं टिकलं, तेही सांगा. ही नोंद पुढं वाढवू.