चव्वेचाळीस हजार शंभर

आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी एकदा रेकॉर्ड करून घेतल्या. ध्वनिसंपादन नुकतंच शिकत होतो आणि शिकवायला कोणी नव्हतं. कच्ची फाईल उघडताना सॉफ्टवेअरनं विचारलं, सॅम्पल रेट किती? यादीत 44,100 होता, खाली 48,000. मोठा आकडा म्हणजे भारी माल, एवढ्याच हिशेबानं मी 48,000 निवडला. प्ले केलं तर सत्तरीची आत्या विशीतल्या पोरीसारखी, मागे कोणी लागल्यासारखी गात होती. काळी पाचच्या आसपास लागलेला सूर पांढरी सात ओलांडून वर गेला होता, आणि तासाभराचं रेकॉर्डिंग 55 मिनिटांत आटपत होतं.

चूक माझीच होती, रेकॉर्डिंग 44,100 वर झालं होतं. पण ती निस्तरताना त्या आकड्यावर नजर अडकली. 48,000 कसा गोल, घोटीव दिसतो. 44,100 मात्र किराणा दुकानाच्या बिलातली बेरीज वाटते. असला आकडा जगभरच्या सीडींवर कोणी आणि का बसवला?

डिजिटल रेकॉर्डिंगची मूळ कल्पना जुनी आहे. ॲलेक रीव्हज हा इंग्रज इंजिनिअर 1937 साली पॅरिसमध्ये होता, तेव्हा टेलिफोनसाठी त्याला ती सुचली. आवाजाची लहर जशीच्या तशी पाठवायची नाही, ती ठरावीक अंतरानं मोजायची आणि नुसते आकडे पाठवायचे. सेकंदाला जितक्या मोजण्या, तो सॅम्पल रेट. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच हे. फरक इतकाच की रांगोळीत त्याच ठिपक्यांवर दहा जणी दहा नक्ष्या काढतील. इथे ठिपके पुरेसे जवळ असले, तर त्यांतून एकच रेघ जाऊ शकते. पुरेसे म्हणजे किती, याचं उत्तर हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या कामातून मिळालं: टिपायच्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे 40,000 च्या पुढे जायला हवं. शिवाय 20,000 च्या वरचं सगळं गाळून टाकणारी चाळणी सुरीसारखी कापत नाही, तिला उताराला थोडी जागा लागते. म्हणून 40,000 आणि वर काहीतरी.

कानाची मागणी एवढीच. ती 42,000 नंही भागली असती, 45,000 नंही. नेमका आकडा ठरवला टीव्हीनं.

सत्तरच्या दशकात जपानी इंजिनिअरांपुढे अडचण होती ती साठवणीची. दोन कानांचे दोन चॅनेल, प्रत्येक मोजणीला 16 बिट, सेकंदाला 44,100 मोजण्या, म्हणजे सेकंदाला 14,11,200 बिट. मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. आणि 1980 साली सीगेट कंपनीनं छोट्या संगणकांसाठी काढलेल्या हार्ड डिस्कची क्षमता होती 5 एमबी. तिच्यावर गाण्याचा मुखडासुद्धा नीट मावला नसता. इतका माल सलग, न तुटता लिहून घेणारं, स्टुडिओत सहज मिळणारं यंत्र त्या काळी एकच होतं: व्हिडिओ टेप रेकॉर्डर. मग आवाजालाच चित्राचं सोंग दिलं. सोनीच्या पीसीएम-1600 मालिकेतली यंत्रं आवाजाचे बिट काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत मांडून यू-मॅटिकच्या जाड कॅसेटवर व्हिडिओ म्हणून उतरवत. ती कॅसेट टीव्हीला जोडली तर गायक-बियक काही दिसायचा नाही. पडदाभर काळे-पांढरे चौकोनी कण थरथरत राहायचे. गाणं चालू असायचं ते असं.

आता त्या काळच्या टीव्हीचं चित्र ओळींनी बनायचं. जपान-अमेरिकेत सेकंदाला 60 अर्धचित्रं, आणि प्रत्येक अर्धचित्रात कामाला येतील अशा 245 ओळी. एका ओळीत प्रत्येक चॅनेलच्या 3 मोजण्या बसत. 245 गुणिले 60 गुणिले 3. करा गुणाकार: 44,100. युरोपात आणि आपल्याकडे 625 ओळींचा टीव्ही, सेकंदाला 50 अर्धचित्रं, वापरण्याजोग्या ओळी 294. पुन्हा 294 गुणिले 50 गुणिले 3, आणि पुन्हा 44,100. दोन वेगळ्या घराण्यांचे टीव्ही एकाच आकड्यावर समेला येतात, म्हणून हा आकडा टिकला. रंगीत अमेरिकी टीव्हीचा वेग 60 ला किंचित कमी, 59.94, त्याच्या तालावर चालणाऱ्या काही यंत्रांतून 44,056 असं एक सावत्र भावंडही निघालं, पण ते वंश चालवू शकलं नाही.

आणखी खोदलं तर मुळाशी विजेचा खांब लागतो. टीव्हीचे 50 आणि 60 हे वेग त्या त्या देशातल्या विजेच्या कंपनसंख्येवरून घेतलेले होते. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची, म्हणून आपला टीव्हीही पन्नासाचा.

फिलिप्स आणि सोनी सीडीचं मानक ठरवायला बसल्या, तेव्हा बिट किती यावर वाद झाला. फिलिप्सचा कल 14 कडे, सोनीचा 16 कडे, सोनीचं चाललं. 44,100 ही ठरला, आणि तो ठरणं सोयीचंच होतं, कारण कारखान्यात येणारी मूळ प्रत यू-मॅटिकवरच असायची. 1 ऑक्टोबर 1982 ला जपानमध्ये सीडी प्लेअर विक्रीला आला. त्याच्या आत ना ओळी होत्या, ना अर्धचित्रं. आकडा तेवढा वारशानं आला.

48,000 चं गोत्र निराळं. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. 48,000 ला 24 नं भागलं की चौकटीला बरोबर 2,000 मोजण्या येतात. 44,100 ला भागलं तर 1,837 आणि वर अर्धी. अर्ध्या मोजणीचं संकलकानं काय करायचं? त्यामुळे चित्राबरोबर जाणाऱ्या आवाजासाठी 48,000 रूढ झाला, आजचे फोनही व्हिडिओ घेताना बहुधा तोच वापरतात. यातली मौज माझ्या फार उशिरा लक्षात आली: टीव्हीच्या पोटी जन्मलेला आकडा निव्वळ गाण्याचा झाला, आणि चित्राशेजारी बसतो तो दुसराच.

ओव्यांची फाईल मी बंद केली आणि पुन्हा उघडली, यादीतला पहिला आकडा निवडून. काळी पाच जागेवर आली. 55 मिनिटांचे परत 60 झाले, जात्याची घरघर जड झाली, आणि दोन ओव्यांच्या मधे आत्या दम खायला थांबली.