पन्नास सह्यांचा वकील
वकिलाला न्यायाधीशासमोर उभं राहायचं असेल तर आधी वकीलपत्र दाखवावं लागतं. पक्षकाराची सही नसेल तर त्याच्या वतीने एक शब्द बोलायचा अधिकार वकिलाला नाही. पुण्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांनी हाच नियम एका शहराच्या सार्वजनिक कामाला लावला, आणि त्यातून महाराष्ट्रातल्या संघटित राजकारणाची घडी बसली.

जोशी मूळचे साताऱ्याचे, जन्म 1828 चा. ते पुण्यात नावारूपाला आले तेव्हा पेशवाई जाऊन अर्धं शतक झालं होतं. शहर पेठांमध्ये सामावलेलं होतं आणि कारभार कलेक्टरच्या हाती होता. लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या अंगवळणी पडलेली नव्हती. निमित्त झालं पर्वती संस्थानाचं. देवस्थानाच्या पंचांच्या कारभाराबद्दल गावात नाराजी वाढली, तेव्हा तक्रार मांडायची तर ती कोणाच्या नावाने, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर म्हणून 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. राबणं मात्र जोशींच्या वाट्याला आलं, आणि ते त्यांनी आनंदाने पत्करलं. पुढे गाव त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणूनच ओळखू लागलं.

सभेचं सभासद व्हायचं तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुख्त्यारपत्र आणावं लागे. पहिल्याच खेपेला 95 सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या उभ्या होत्या. वर्गणी भरणाऱ्या प्रतिष्ठितांची मंडळं मुंबईत आणि कलकत्त्यात आधीपासून होतीच. पण बोलण्याआधी लोकांकडून अधिकार मागून घ्यायचा, हा रिवाज पुण्याच्या वकिलाने घातला. मतदानाचा हक्क मिळायच्या कितीतरी आधी त्या सह्या करणाऱ्यांनी आपला माणूस आपण नेमला, याचं मोल फार मोठं आहे.

1871 मध्ये न्यायमूर्ती रानडे बदलून पुण्यात आले आणि सभेला विचारांची जोड मिळाली. रानडे सरकारी नोकरीत होते, त्यामुळे उघड धावपळ काकांनी करायची. सभेने शेतसाऱ्याची चौकशी केली, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदी लोकांना प्रतिनिधित्व मिळावं म्हणून अर्ज धाडला, 1876-77 च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. तंटे कोर्टाबाहेर मिटावेत म्हणून लवाद न्यायसभाही काढली. कोर्टात चालणाऱ्या तंट्यांवरच ज्याचं पोट चालतं, त्याने हे करावं यातच त्या माणसाची पारख होते.

स्वदेशीचं व्रत त्यांनी 1872 मध्येच घेतलं होतं. ते हातसुताचे कपडे वापरत आणि देशी मालाच्या दुकानांसाठी खपत. 1877 च्या दिल्ली दरबारात संस्थानिक जरीच्या पोशाखात मिरवत असताना सभेचे प्रतिनिधी म्हणून काका पांढऱ्या खादीत हजर होते. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. काकांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा चालवली. तिची आठवण फारशी निघत नाही, ती निघायला हवी.

काकांची खरी परीक्षा 1879 साली झाली. मे महिन्यात बुधवारवाडा जळाला, विश्रामबागवाड्याला आग लागली आणि सरकारचा संशय पुण्याच्या पुढाऱ्यांवर फिरू लागला. रानड्यांची धुळ्याला बदली झाली. जुलैत वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. सरकारविरुद्ध बंड उभारलेल्या आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं म्हणजे आपणही त्या संशयाच्या वर्तुळात जाऊन उभं राहायचं. फडक्यांच्या मार्गाशी काकांचा मेळ नव्हता. त्यांची सारी हयात अर्ज, सभा आणि सह्या यांत गेलेली. तरीही सेशन्स कोर्टात आरोपीच्या बाजूने ते उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली.

त्यानंतर वर्षही पुरतं उलटलं नाही. 25 जुलै 1880 रोजी काका वारले. वय जेमतेम बावन्न.

सभा चालत राहिली. 1885 साली राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरायचं ठरलं ते पुण्यातच, आणि यजमानपद सार्वजनिक सभेकडे होतं. कॉलऱ्याची साथ आली म्हणून ते मुंबईला हलवावं लागलं. दहा वर्षांनी सभेची सूत्रं टिळकांकडे गेली. 1896-97 च्या दुष्काळात सभेची माणसं खेड्यापाड्यांत फिरून सारामाफीचे नियम रयतेला समजावून सांगू लागली, तेव्हा यापुढे या सभेचं म्हणणं ऐकून घेणार नाही, असं सरकारने जाहीर करून टाकलं.