कानाचा ठणका आणि न दिसणारा पडदा

कानाचा पडदा अचानक सुजला की रुग्ण सहसा रात्रीच येतो. दोन-चार दिवसांची सर्दी, खोकला, आणि आडवं झाल्यावर सुरू झालेला ठणका. सोबतची आजी सांगते, "डॉक्टर, लसणाचं तेल कोमट करून टाकलं, तरी पोरगं थांबेना." हिंगोली असो, सेनगाव असो की औंढ्याकडचं खेडं, हे वाक्य ठरलेलं. आजींना मी रागवत नाही. ही सवय फार जुनी आहे.

सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस आजार मोजले आहेत. कर्णशूल म्हणजे ठणका, कर्णस्राव म्हणजे कान वाहणं. कानात कोमट तेल भरण्याला कर्णपूरण असं नावच आहे. अडचण एकच होती. वैद्याला रुग्णाचं दुखणं कळायचं, बाहेर आलेला स्राव दिसायचा, पण पडदा दिसत नव्हता. कानाची नळी वाकडी, आत काळोख, आणि पडदा जेमतेम एक सेंटिमीटरचा.

ही अडचण फक्त आपलीच नव्हती. हिंगोलीत तेव्हा हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १८५० च्या सुमारास तिथल्या शिपायाचा कान ठणकला असता, तर पलटणीच्या डॉक्टरला त्याला उन्हाकडे कान करून बसवावं लागलं असतं आणि दिसेल तेवढ्यावर भागवावं लागलं असतं. १८५५ मध्ये फॉन ट्रोल्च या जर्मन डॉक्टरने मधोमध भोक असलेला आरसा वापरून कानात उजेड टाकून दाखवला. दहा वर्षांनी व्हिएन्नाच्या पोलित्झरने पडद्याच्या चित्रांसह पुस्तक काढलं. निरोगी पडदा मोतिया, करडा असतो आणि सुजलेला लालबुंद, हे डॉक्टर तेव्हा नीट शिकले. आज माझ्या खिशातला ऑटोस्कोप त्याच आरशाचा नातू!

मग पडद्यावरचे फोडही दिसू लागले. पाणी किंवा रक्त भरलेले हे फोड म्हणजे बुलस मायरिंजायटिस. पडद्याच्या बाहेरच्या थरात संवेदना फार, म्हणून ठणका भयंकर. फोड फुटला की एकदम हलकं वाटतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत काही स्वयंसेवकांना मायकोप्लाझ्मा जंतू दिल्यावर असे फोड आले, म्हणून बरीच वर्षं दोष त्याच्यावर गेला. पुढे फोडांतलं पाणी तपासलं तेव्हा मध्यकर्णाच्या पुवात सापडतात तेच नेहमीचे जंतू बहुतेक वेळा निघाले. विषाणूही कारण असतात.

प्रतिजैविकं नव्हती तेव्हा हा पू कानामागच्या हाडात, कधी मेंदूपर्यंत जायचा आणि माणूस दगावायचा. आपल्याकडे चित्र बदलायला पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा मोठा हातभार लागला. १९५४ मध्ये स्थापना आणि १९५५ पासून पेनिसिलिन. म्हणून प्रत्येक ठणक्याला अँटिबायोटिक असा अर्थ मात्र काढू नका. फक्त पडदा लाल असेल, ताप थोडा असेल, तर वजनानुसार पॅरासिटामॉल आणि दोन दिवसांत पुन्हा तपासणी, एवढ्यावर अनेकदा भागतं. मध्यकर्णात पू असेल, मूल फार लहान असेल, तर अँटिबायोटिक लागतं, आणि तेव्हा डोस पूर्ण करायचा.

तेल का नको, ते आता सांगतो. पडद्याला भोक पडलं असेल तर तेल थेट मध्यकर्णात उतरतं, आणि भोक आहे की नाही हे घरी कळत नाही. वसमतच्या हळदीचा मला अभिमान आहे, पण तिचं काम भाजीत; कानात नाही. कान कोरडा ठेवा, काडी-पिन घालू नका, आणि दुकानातून आणलेले थेंब तपासणीआधी टाकू नका.

ठणका गेल्यावरही ऐकू कमी येत असेल तर दुर्लक्ष करू नका. फोडांच्या आजारात कधी कधी अंतर्कर्णालाही इजा होते. ती ऐकण्याच्या तपासणीत कळते आणि लवकर कळलेली बरी. कानामागे सूज, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, गरगरणं, मान ताठणं किंवा गुंगी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.