बिंडेन, बांट, गेबुंडेन यांची कुळकथा

नाशिक शहरातून त्र्यंबक रस्त्याला लागलं की वेदमंदिर येतं, मायको सर्कल येतं, पुढे सातपूरची औद्योगिक वसाहत, आणि रस्ता संपतो तिथे त्र्यंबकेश्वर, जिथल्या पाठशाळांत मुलं आजही वेद म्हणायला शिकतात. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. 2008मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण नाशिककरांच्या तोंडी सर्कल मायकोचंच राहिलं. बॉशचं मूळ गाव श्टुटगार्ट. ते ज्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याची राजधानी, त्याच राज्याशी 2024मध्ये महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्सिंग किंवा आयटीआय केलेली मुलंमुली आता जर्मनच्या क्लासला जातात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

ए-वन, ए-टू या पहिल्या पातळ्यांपर्यंत निभून जातं. बी-वनला मात्र क्रियापदांचा तक्ता समोर येतो. मूळ रूप, भूतकाळ, कृदन्त अशा तीन रकान्यांत, अकारविल्हे लावलेली दोनशेच्या आसपास क्रियापदं. वर लिहिलेलं असतं ‘अनियमित’, आणि पाठ करा म्हणून सांगितलेलं असतं. मला या तक्त्याबद्दल मनापासून वाटतं ते असं की तो उलटा शिकवला जातो. ही क्रियापदं जर्मनमधली सर्वांत जुनी आणि एके काळी सर्वांत शिस्तीची आहेत. त्यांची शिस्त कुठली, हे मराठी मुलाला समजायला जर्मन मुलापेक्षा कमी वेळ लागावा.

याकोब ग्रिम, परीकथांच्या दोन भावांतला थोरला, याने 1819मध्ये आपल्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड काढला. ज्या क्रियापदांना भूतकाळासाठी शेवटी ‘टे’ जोडावा लागतो त्यांना त्याने दुबळी म्हटलं, आणि जी बाहेरून काही न घेता पोटातला स्वर बदलून काळ दाखवतात त्यांना सबळ. या स्वरबदलाला ‘आबलाउट’ हे नाव त्यानेच रूढ केलं. दुबळ्यांची ‘टे’वाली रीत जर्मानिक भाषांनी मागाहून तयार केली. सबळांची रीत त्याआधीची, फार आधीची.

किती आधीची, हे कळायला संस्कृतची गाठ पडावी लागली. फ्रान्त्स बॉपने 1816मध्ये संस्कृत धातूंची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक रूपांशेजारी मांडली. पाणिनीची अष्टाध्यायी ज्या दोन व्याख्यांनी सुरू होते त्या वृद्धीच्या आणि गुणाच्या. धातूतला स्वर कधी एक पायरी चढतो, कधी दोन. विद् चा वेद होतो तो असाच. आणि हा जिना मराठी घरात रोज वापरात आहे: तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे. आपोआप घडणं आणि घडवून आणणं यांतला फरक आपण नुसत्या स्वराने दाखवतो, आणि त्यासाठी कोणी तक्ता पाठ केलेला नसतो. जर्मनमध्येही झित्सेन म्हणजे बसणे आणि झेत्सेन म्हणजे बसवणे. दोन्ही संस्कृतातल्या सद् या धातूच्या कुळातली.

आता तक्त्यातलं एकच घराणं घेऊ. बिंडेन, बांट, गेबुंडेन: बांधणे, बांधलं, बांधलेलं. हा आपला बन्ध् धातूच. संस्कृत आणि जर्मानिक ज्या मूळ भाषेतून निघाल्या तिच्यात या धातूला तीन पायऱ्या होत्या: मध्ये ‘ए’ असलेली, ‘ओ’ असलेली, आणि स्वर पार गळलेली. जर्मानिकमध्ये ‘न’आधीचा ‘ए’ झाला ‘इ’, ‘ओ’ झाला ‘आ’, आणि स्वर गळाल्यावर उघडा पडलेला ‘न’ झाला ‘उन’. म्हणून इ-आ-उ. संस्कृतात त्याच उघड्या ‘न’चा ‘अ’ झाला, म्हणून बन्ध् चं कृदन्त ‘बद्ध’. त्यात ‘न’ का नाही याचं उत्तर गेबुंडेनमधल्या ‘उन’शेजारी ठेवल्यावर दिसतं. झिंगेन-झांग-गेझुंगेन, ट्रिंकेन-ट्रांक-गेट्रुंकेन, फिंडेन-फांट-गेफुंडेन ही सगळी याच वाटेने जातात. अकारविल्हे यादीत ती एकमेकांपासून पानं दूर पडतात आणि मुलं प्रत्येक वेगळं घोकतात. पहिल्याच दिवशी या क्रियापदांना एका ओळीत बसवावं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे लगेच ‘सगळं संस्कृतातूनच निघालं’ असं म्हटलं जातं. सुरुवातीला युरोपातल्या पंडितांनाही संस्कृतचा ‘अ’च मूळ वाटत होता. 1870च्या दशकाअखेर उलगडलं की ‘ए’ आणि ‘ओ’ हा जुना भेद ग्रीकने जपला आणि संस्कृतने दोन्हींचा ‘अ’ करून टाकला. म्हणजे संस्कृत ही जर्मनची आई नव्हे, बहीण. पण या बहिणीने जे जपलं ते दुसऱ्या कोणी इतकं स्वच्छ जपलं नाही, आणि ते म्हणजे उदात्त स्वर, शब्दातल्या आघाताची जागा.

त्याची कथा कार्ल व्हेर्नर या डॅनिश माणसाची. तक्त्यात श्नायडेन-श्निट-गेश्निटेन, लायडेन-लिट-गेलिटेन अशी रूपं आहेत, ज्यांत स्वराबरोबर ‘ड’चा ‘ट’ही होतो. असाच फरक ब्रूडर आणि फाटर यांत. असं सांगतात की दुपारी झोप यावी म्हणून व्हेर्नरने बॉपचं पुस्तक हाती घेतलं आणि समोर आले भ्रातृ आणि पितृ. वेदात भ्रातृचा उदात्त पहिल्या अक्षरावर, पितृचा दुसऱ्यावर. आघात व्यंजनाच्या आधी असेल तर एक ध्वनी, नंतर असेल तर दुसरा. कृदन्तात आघात प्रत्ययावर असे, म्हणून गेश्निटेनमध्ये ‘ट’. व्हेर्नरचा हा लेख 1877मध्ये छापून आला, आणि त्याच वर्षी रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबईत विल्सन व्याख्यानांतून संस्कृत, प्राकृत आणि मराठीसारख्या भाषांची वंशावळ सांगत होते. जर्मानिकमध्ये आघात केव्हाच पहिल्या अक्षरावर सरकला होता. तो मूळचा कुठे होता याची साक्ष तोंडी पाठ करणाऱ्या वैदिकांनी सांभाळलेली होती. हे वाचल्यापासून त्र्यंबकच्या पाठशाळेतलं हात हलवत म्हटलेलं पठण आणि सातपूरच्या मुलाचा तक्ता मला वेगळे काढता येत नाहीत.

झाइन, म्हणजे असणे, हे क्रियापद सर्वांत त्रासाचं मानतात. त्यात तीन धातू एकत्र नांदतात: इस्ट आणि झिंट म्हणजे अस् धातूचे अस्ति आणि सन्ति, बिनमध्ये भू मिसळलेला, आणि व्हार, गेव्हेझेन म्हणजे वस्, राहणे. आपलंही तसंच आहे. ‘असेल’ अस् चं, ‘होता’ भू चं, आणि कुठलंही मराठी मूल त्यांत अडखळत नाही. इश व्हाइस पण व्हिअर व्हिसेन, मला माहीत आहे पण आम्हाला माहीत आहे, यातला बदल तर संस्कृतातल्या वेद आणि विद्म यांतला जसाच्या तसा.

सबळांची संख्या शतकानुशतकं घटत आली. रोजच्या वापरातली टिकली, कमी वापरातली ‘टे’ लावून दुबळी झाली. बाकेन, भाजणे, याचं जुनं बूक आता पुस्तकी वाटतं, लोक बाक्टे म्हणतात. नवीन आलेलं प्रत्येक क्रियापद दुबळंच, गूगेलन सुद्धा. तरी उलटा प्रवासही घडतो. व्हिंकेन, म्हणजे हात हलवून खूण करणे, मूळचं दुबळं, त्याचं कृदन्त गेव्हिंक्ट. पण ट्रिंकेन-गेट्रुंकेनच्या ओढीने लोक गेव्हुंकेन म्हणू लागले, इतके की डूडेन कोशाने तेही रूप नोंदवलं आहे.