देवमूर्ती आणि पानपात्र : मद्रासचे स्वामीकाम व त्याचा संग्रह

मराठीत ‘चषक’ हा शब्द आज प्रामुख्याने क्रीडास्पर्धेतील पारितोषिकाच्या अर्थाने वापरला जातो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ मद्य पिण्याचे पात्र असा आहे. अमरकोशात ‘चषक’ आणि ‘पानपात्र’ हे शब्द मद्यविषयक शब्दांच्या सोबतच येतात. पिण्याचे पात्र मानचिन्ह कसे झाले, या अर्थांतराचा एक धागा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय क्लब, पलटणी आणि घोड्यांच्या शर्यती यांच्याकडे जातो. विजेत्याला चांदीचा पेला किंवा झाकणाचा मोठा मग देण्याची त्यांची रीत होती. हिंदुस्थानात अशी पात्रे घडविणाऱ्या प्रमुख केंद्रांपैकी मद्रास हे एक होते. तेथे घडलेल्या पात्रांवर हिंदू देवदेवतांच्या उठावाच्या आकृती असत, आणि या नक्षीला ‘स्वामी’ काम असे नाव पडले होते. या पात्रांची घडण, त्यांचा प्रवास आणि पुढे त्यांचा झालेला संग्रह यांचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. संग्रहामुळे ही पात्रे टिकली. परंतु ज्यांच्या हातांनी ती घडली त्यांची ओळख टिकली नाही, हा या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे.

‘टँकर्ड’ या नावाने ओळखले जाणारे पात्र मूळचे युरोपचे. उंच, नळकांड्यासारखे अंग, एका बाजूला हाताच्या मुठीत मावेल असा कान, बिजागरीने जोडलेले झाकण आणि पेय पिताना अंगठ्याने झाकण उचलण्यासाठी ठेवलेला खटका, अशी त्याची ठेवण असते. जर्मनी, इंग्लंड आणि उत्तर युरोपातील इतर देशांत लाकूड, माती, कथिल, हस्तिदंत व चांदी अशा अनेक द्रव्यांत ते घडविले गेले. काही टँकर्डांच्या आत ठराविक अंतरावर खुंट्या बसवीत. पात्र हातोहात फिरताना प्रत्येकाने एका खुंटीपासून दुसरीपर्यंतच प्यावे, असा त्यांचा उपयोग. सामुदायिक पान हा या पात्राच्या घाटामागील मूळ विचार होता.

दक्षिणेतील पानाचा आचार याच्या नेमका उलट होता. ओठ न लावता, भांडे उंच धरून वरून पाणी पिण्याची रीत तमिळ प्रदेशात रूढ होती. महाराष्ट्रातही सोवळ्याओवळ्याच्या घरांत उष्ट्याचा विचार असाच कटाक्षाने होत असे. तमिळनाडूतील कॉफीच्या पेल्याची कड बाहेर वळलेली असते, तीही याच सवयीला सोयीची आहे. पात्रांची नावे या दोन्ही प्रदेशांना जोडतात. तमिळमध्ये ‘सेंबु’ म्हणजे तांबे आणि तांब्याचे पाण्याचे भांडेही. कन्नडमध्ये ‘चेंबु’, तर मराठीत ‘चंबू’. मराठीतील ‘तांब्या’ हा शब्दही धातूच्याच नावावरून आला आहे. तांब्या, गडू, फुलपात्र, पंचपात्री ही भांडी घडविणाऱ्या परंपरेत टँकर्डला जागा नव्हती. ते ज्याच्या हातून घडले त्या कारागिराच्या दृष्टीने हे पात्र सर्वस्वी परक्या व्यवहाराचे होते.

या व्यवहाराचे केंद्र म्हणजे मद्रासच्या युरोपीय पेढ्या. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध पेढी पी. ऑर अँड सन्स ही होय. पीटर ऑर यांनी तिची स्थापना 1849 मध्ये केली. घड्याळे, जवाहीर आणि चांदीचे सामान हा तिचा व्यवसाय. माउंट रोडवरील, म्हणजे आजच्या अण्णा सालैवरील, तिची भव्य इमारत वास्तुकार रॉबर्ट चिझम यांच्या नावाशी निगडित आहे. 2012 मध्ये मेट्रो रेल्वेच्या कामात तिच्या आवारातील जुन्या बांधकामाचा काही भाग पाडला गेला. शहरात ग्राहकांची वाण नव्हती. मद्रास क्लब 1832 मध्ये, तर जिमखाना क्लब 1884 मध्ये स्थापन झाला. लष्करी तुकड्या, मळेवाले, न्यायाधीश व व्यापारी यांच्यात निरोप, विवाह, शर्यत आणि शिकार या निमित्तांनी चांदीची पात्रे देण्याघेण्याची पद्धत होती. पात्रावर कोरलेला नामोल्लेख व तारीख आज संशोधकाला फार उपयोगी पडते, कारण पुष्कळदा तोच कालनिर्णयाचा निश्चित पुरावा असतो.

चांदी बहुधा रुपयांचीच असे. कंपनीच्या व पुढे राणीच्या रुपयाचे वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा. त्यात 12 भागांपैकी 11 भाग शुद्ध चांदी. नाणी आटवून पत्रा ठोकायचा, तयार वस्तू पुन्हा रुपयांच्या भारात तोलायची आणि मजुरी वेगळी आकारायची, हा हिंदुस्थानभर चालणारा हिशेब होता. पत्र्याला पात्राचा आकार आला की त्यात राळेचे मिश्रण भरून ते घट्ट होऊ देत. मग आकृतीची रूपरेषा बाहेरून आखून, आतून व बाहेरून लहान छिन्न्यांनी ठोकत उठाव काढीत. शेवटी राळ वितळवून काढली की अलंकार, वस्त्रांच्या चुण्या, मुद्रा असे बारकावे साफ करीत. पत्रा फाटू न देता आकृती पुढे आणणे, यात कारागिराची कसोटी होती.

या आकृती कोठून आल्या, हे पाहणे अगत्याचे आहे. ‘स्वामी’ या शब्दाचा तमिळमधील लौकिक अर्थ देव असा आहे. मद्रासच्या पात्रांवर विष्णूचे अवतार, नंदीवर आरूढ शिवपार्वती, मयूरवाहन सुब्रह्मण्य, गणपती, कृष्ण हे बहुधा कमानींच्या वा महिरपींच्या चौकटीत उभे असतात. झाकणावर एखादी बैठी मूर्ती, तर कानाच्या जागी नाग असतो. ही मांडणी गोपुरांवरील शिल्पपटांची, लाकडी रथांवरील कोरीव कामाची आणि वाहनांवर बसवून मिरवल्या जाणाऱ्या उत्सवमूर्तींची आठवण करून देते. एग्मोरच्या शासकीय संग्रहालयातील (स्थापना 1851) कांस्यमूर्तींच्या दालनाशी स्वामीकामाची तुलना केली असता हे साम्य सहज लक्षात येते. म्हणजे नक्षी कारागिराच्या रोजच्या परिचयातील होती, घाट मात्र ग्राहकाचा होता. युल व बर्नेल यांच्या 1886 च्या प्रसिद्ध शब्दकोशात त्रिचनापल्लीच्या स्वामी दागिन्यांची नोंद आहे. परंतु युरोपीय घाट आणि त्यावर चित्रविचित्र पौराणिक आकृती, एवढेच त्यांचे वर्णन तेथे येते. घडविणाऱ्याला जे दैवत होते ते पाहणाऱ्याला वैचित्र्य वाटत होते. बियरच्या मगावर दशावतार कोरले जाणे, या विसंगतीचा उलगडा या दृष्टिभेदात आहे.

या इतिहासाचा एक पदर तंजावरच्या मराठी राज्याशी येऊन भिडतो. व्यंकोजींनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापलेल्या या राज्यात दरबारी कारागिरीला दीर्घकाळ आश्रय होता. दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या काळाशी जोडली जाणारी तंजावरची कलाथाळी, म्हणजे हलक्या धातूच्या थाळीवर बसविलेल्या चांदीच्या उठावाच्या देवप्रतिमा, ही स्वामीकामाची जवळची आप्त मानता येईल. 1855 मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा केले. 1856 मध्ये राजवाड्यातील खाजगी संपत्तीही ताब्यात घेण्यात आली. राणी कामाक्षीबाई साहेब यांनी याविरुद्ध मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तेथील निकाल त्यांच्या बाजूने लागला; परंतु 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही राजसत्तेची कृती असल्याने न्यायालयांच्या कक्षेबाहेरची आहे असे ठरवून तो फिरविला. दरबाराचा आश्रय संपला त्याच दशकात मद्रासच्या पेढ्या विस्तारत होत्या. कारागिराला काम सांगणारा बदलला. राजाच्या देवघराऐवजी आता साहेबाच्या जेवणमेजासाठी मूर्ती कोराव्या लागत होत्या.

दुसरा पदर बडोद्याचा. 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. बडोद्याच्या गायकवाडांकडून त्यांना मिळालेल्या भेटींमध्ये ऑर यांच्या पेढीने स्वामी पद्धतीने घडविलेला चहाचा संच होता. या भेटीने स्वामीकामाची कीर्ती इंग्लंडात पसरण्यास साहाय्य झाले. त्या वेळी बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव होते. ते 1828 मध्ये कुंभकोणम येथे तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यात जन्मले, मद्रासमध्ये शिकले आणि 1891 मध्ये मद्रासमध्येच निवर्तले. मराठी संस्थानाने इंग्लंडच्या युवराजाला द्यावयाची वस्तू तमिळ देशात घडलेली असावी, ही घटना त्या काळातील मराठी-तमिळ संबंधांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. इंग्लंडात चांदीच्या सामानावर असलेला कर 1890 मध्ये रद्द झाल्यावर हिंदी चांदीच्या वाटेतील एक अडथळाही दूर झाला.

विसाव्या शतकात या पात्रांचा आधारच सुटत गेला. राजाजींच्या मंत्रिमंडळाने 1937 मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली. 1948 पर्यंत ती संपूर्ण मद्रास प्रांतात लागू झाली. दरम्यान 1947 मध्ये इंग्रज अधिकारी वर्ग निघून गेला. त्यांच्याबरोबर बरीच पात्रे परदेशी गेली. जी मागे राहिली त्यांची किंमत बहुधा वजनावर ठरली. चांदीच्या जुन्या वस्तूला मूस हा कायमचा धोका असतो. 1980 च्या आरंभी जगभर चांदीचे भाव एकाएकी भडकले तेव्हा देशोदेशीची जुनी चांदी आटविली गेली. नाण्यांतून पात्र आणि पात्रातून पुन्हा लगड, असा हा उलटा प्रवास होता.

हा प्रवास थांबविला तो संग्राहकांनी. विनयार्ड विल्किन्सन यांनी 1973 मध्ये हिंदुस्थानातील युरोपीय रौप्यकारांच्या शिक्क्यांवर, आणि 1999 मध्ये 1858 ते 1947 या काळातील हिंदी चांदीकामावर ग्रंथ प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 2008 मध्ये विद्या देहेजिया यांनी पॉल वॉल्टर यांच्या संग्रहातील हिंदी चांदीचे प्रदर्शन भरविले. त्यात मद्रास, कच्छ, काश्मीर, बंगाल अशा प्रांतोप्रांतीच्या शैली विद्वानांसमोर एकत्र आल्या. या कार्यामुळे एकेकाळी ‘धड ना देशी, धड ना विलायती’ ठरू शकणाऱ्या वस्तू अभ्यासाचा विषय झाल्या, हे ऋण मान्य केले पाहिजे.

तथापि संग्राहकाचा अभ्यास शिक्क्यापासून सुरू होतो, आणि येथेच त्याची मर्यादा आहे. इंग्लंडात चांदीवर गाव, वर्ष व कस दाखविणारे ठसे कायद्याने उमटवावे लागत. हिंदुस्थानात तशी सक्तीची व्यवस्था नव्हती. त्यामुळे पेढीचा शिक्का हाच ओळखीचा आधार ठरला. मद्रासच्या पात्रांवर ऑर हे नाव आहे, पण छिन्नी चालविणाऱ्याचे नाव नाही. याउलट कच्छातील भुजचे उमरशी मावजी यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे रोमन लिपीत पात्रांवर उमटविली, आणि म्हणून आज जगभरचे संग्राहक त्यांना ओळखतात. पुण्याच्या लष्कर भागातील ग्राहकांसाठी घडलेल्या चांदीवरही हिराप्पा बुचेना असे नाव कोरलेले आढळते. ते नाव पाहताच दक्षिणेकडील मुळाची शंका येते. नाव कोरण्याची संधी ज्याला मिळाली तो इतिहासात आला, ज्याला मिळाली नाही तो पेढीच्या नावात विरला. कौशल्याच्या तुलनेत या भेदाला आधार नाही.

महाराष्ट्रात पात्रसंग्रहाची एक निराळी वाट दिसते. पुण्यातील दिनकर गंगाधर केळकर (1896-1990), म्हणजेच कवी अज्ञातवासी, यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्य वापरातील वस्तू गावोगाव फिरून जमविल्या आणि हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अहमदाबादजवळील ‘विचार’ या भांड्यांच्या संग्रहालयाची (1981) दृष्टीही अशीच आहे. तेथे वस्तूचे मोल शिक्क्यावर अवलंबून नसते. ती कोणी, कशी व कशासाठी वापरली याला महत्त्व असते. स्वामीकामाच्या अभ्यासाला या दृष्टीची जोड हवी आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 अन्वये शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. मात्र कायदा निर्यात रोखतो, अभ्यास घडवून आणीत नाही. मद्रास, तंजावर, त्रिचनापल्ली येथील सोनार-कासार घराण्यांची स्मृती, त्यांच्याकडील ठसे, हत्यारे व नमुनावह्या यांची नोंद पात्रांच्या सूचीइतकीच निकडीची आहे. हत्यार मोडीत गेले की ते ज्या रीतीने चालत होते ती रीतही हरवते.

मद्रासचे एखादे स्वामी टँकर्ड समोर ठेवले तर त्यात तीन गोष्टी एकत्र दिसतात : घाट युरोपचा, प्रतिमा मंदिराची आणि नाव पेढीचे. आजवरच्या संग्रहाने घाटाची चिकित्सा केली, नावाची सूची केली. प्रतिमेचा मागोवा घेतला तर तो तमिळ मंदिरांच्या रथांपर्यंत, तंजावरच्या मराठी दरबारापर्यंत आणि तेथून बडोद्यापर्यंत पोचतो. हा मागोवा तमिळ व मराठी साधने एकत्र वाचल्यानेच पूर्ण होऊ शकेल, आणि त्या अनामिक हातांना त्यांचे श्रेय अंशतः तरी परत देता येईल.