सूर्याचे घड्याळ आणि विजेचे वेळापत्रक : नांदेड-लातूर परिसरातील शेतकऱ्याची रात्र

प्रस्तावना : झोप, शरीराचे तापमान, रक्तदाब व संप्रेरकांचा स्राव यांची सुमारे २४ तासांची एक लय असते. दिवसाचा उजेड हे जैविक घड्याळ रोज जुळवितो. अंधारात ठेवलेल्या वनस्पतीची पानेही ठरल्या वेळी उघडतात व मिटतात, हे १७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ यांनी नोंदविले. या लयीमागील रेणवीय यंत्रणेच्या शोधासाठी हॉल, रॉसबाश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र रात्री कोणी जागावे, हे जीवशास्त्र नव्हे तर इतिहास ठरवितो. हा इतिहास नांदेड-लातूरच्या संदर्भात तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गिरणीची रात्र : विजेचे दिवे आल्यावर मुंबईच्या गिरण्यांत कामाचा दिवस सूर्यास्ताच्या पलीकडे लांबला. त्याविरुद्ध असंतोष वाढला आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामावर १२ तासांची मर्यादा आली. नांदेड व लातूर त्या काळी हैदराबाद संस्थानात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली.

शेताची रात्र : शेत मात्र कारखाना नव्हते. मोट बैलांच्या बळावर चाले. बैल थकले की ती थांबे. विजेच्या पंपाने ही नैसर्गिक मर्यादा संपविली. पुढे शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याची पद्धत आली. रब्बीच्या हरभऱ्याला वा गव्हाला पाणी देण्यासाठी शेतकरी थंडीत, अंधारात, विंचू-सापाच्या भयात बांधावर उभा राहू लागला. शरीर नव्या वेळेशी जुळवून घेण्यास अनेक दिवस घेते. ते जुळू लागते तोच पाळी बदलते. दीर्घकाळच्या रात्रपाळीचा मधुमेह व हृदयविकाराशी संबंध आढळला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये लय बिघडविणारी पाळी बहुधा कर्ककारक ठरविली, तर २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाबाबत तेच वर्गीकरण कायम ठेवले.

निष्कर्ष : गिरणी कामगाराच्या कामाचे तास कायद्याने मोजले, शेतकऱ्याचे जागरण मात्र कोणत्याही नोंदवहीत आले नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दिवसा वीज देण्याचा हेतू म्हणूनच केवळ अनुदान व वीजदराच्या हिशेबाने जोखता येणार नाही. शेतकऱ्याला परत मिळालेली झोप हीदेखील सार्वजनिक आरोग्याची जमा बाजू मानली पाहिजे.