बरोबर होते, तरी बुडाले!

ऑफिसात चहाच्या वेळी क्रिप्टोचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "बिटकॉइन आता फार महाग झालंय रे, त्यापेक्षा एखादं स्वस्तातलं कॉइन घेतलं तर?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "दहापट लिव्हरेज घेतलं तर?" पहिल्या प्रश्नाला पंधरा वर्षांचा इतिहास आहे. दुसऱ्याला दीडशे वर्षांहून जास्त, आणि तोही आपल्या मुंबईतला. आज तोच सांगतो. कोणतं कॉइन घ्यावं हे मात्र विचारू नका. ते कळत असतं तर शनिवारी सकाळी मी हे लिहीत बसलो नसतो :-)

तर सुरुवात बिटकॉइनपासून. ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो असं नाव लावणाऱ्या कुणीतरी नऊ पानांचा एक पेपर प्रसिद्ध केला, आणि ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक तयार झाला. नियम साधे: साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, आणि एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जायची नाहीत. कोड ओपन सोर्स. आता ओपन सोर्स म्हटलं की आपल्या जमातीला काय सुचतं? फोर्क! २०११ मध्ये नेमकॉइन आलं, त्याच वर्षी चार्ली ली यांनी लाइटकॉइन काढलं. ब्लॉक दहाऐवजी अडीच मिनिटांनी, नाणी चौपट म्हणजे ८ कोटी ४० लाख. २०१३ च्या डिसेंबरात तर दोन इंजिनिअरांनी निव्वळ थट्टा म्हणून डोजकॉइन काढलं. २०१५ च्या जुलैत सुरू झालेलं इथेरियम मात्र या पंगतीतलं नव्हे. व्हिटालिक ब्युटेरिन आणि मंडळींना नुसतं नाणं नको होतं, साखळीवर प्रोग्रॅम चालवता यायला हवे होते. म्हणून त्यांनी सगळं पहिल्यापासून लिहिलं.

इथे 'स्वस्त' या शब्दाचा घोळ आधी निस्तरू. एका नाण्याची किंमत कमी म्हणजे ते नाणं स्वस्त, असं नसतं. डोजकॉइन काही सेंटला मिळतं कारण ती अब्जावधी आहेत, आणि दरवर्षी आणखी ५०० कोटी तयार होतात. केक तोच, तुकडे बारीक. बिटकॉइनचाही दहा कोटीवा भाग विकत घेता येतो. पूर्ण एक घ्यायलाच हवं असा काही नियम नाही.

खरा फरक टिकण्यातला आहे. कॉइनमार्केटकॅपची २८ एप्रिल २०१३ ची यादी पाहा. तिच्यात फक्त सात नावं आहेत: बिटकॉइन, लाइटकॉइन, पीअरकॉइन, नेमकॉइन, टेराकॉइन, डेव्हकॉइन, नोव्हाकॉइन. पहिली दोन तुम्ही ऐकली असतील. बाकीच्या पाचांपैकी एखादं तरी आठवतंय का? त्यांच्या मागेही हुशार माणसं होती, काहींत खरोखर नव्या कल्पना होत्या. पीअरकॉइनने तर २०१२ मध्येच 'प्रूफ ऑफ स्टेक' वापरून दाखवलं होतं. इथेरियम त्या पद्धतीवर गेलं सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. कल्पना जिंकली, नाणं मागे पडलं.

यावर उत्तर येतं की "मग दहा घेऊ, एक तरी लागेल." ऐकायला ठीक. पण आपल्याकडे २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे नऊ बुडाली तर ती तुमची, आणि दहावं लागलं तर त्यात सरकारचा वाटा!

असो. आता दुसरा प्रश्न, लिव्हरेज.

वायद्याला एरवी मुदत असते. ठरलेला दिवस आला की हिशोब मिटवायचा. मुदतच नसलेल्या वायद्याची कल्पना अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती, पण ती घरांच्या किमतींसारख्या गोष्टींसाठी. क्रिप्टोत ती आणली बिटमेक्स या एक्स्चेंजने, २०१६ मध्ये. नाव 'पर्पेच्युअल', आणि लिव्हरेज शंभरपटीपर्यंत.

हिशोब करून बघू. तुमचे १०,००० रुपये, दहापट लिव्हरेज, म्हणजे सौदा १ लाखाचा. भाव १० टक्के वाढला की पैसे दुप्पट. १० टक्के पडला की शून्य. प्रत्यक्षात शून्याच्या थोडं आधीच एक्स्चेंज सौदा परस्पर बंद करून टाकतं, यालाच लिक्विडेशन म्हणतात. शंभरपटीला तर एक टक्का पुरतो, आणि बिटकॉइन एक टक्का हलायला कधीकधी चहा संपेपर्यंतचा वेळही लागत नाही. शिवाय 'फंडिंग' असतं. वायद्याचा भाव मूळ भावाजवळ राहावा म्हणून बहुतेक ठिकाणी दर आठ तासांनी एक बाजू दुसऱ्या बाजूला पैसे देते. शांत बाजारात तेजीवाल्याला साधारण ०.०१ टक्का द्यावा लागतो. किरकोळ वाटतं ना? पण तो पूर्ण १ लाखावर लागतो. दिवसाला ३० रुपये, महिन्याला ९००. तुमच्या दहा हजारांतले ९ टक्के, भाव जागचा न हलता!

यापुढचा भाग आपल्याला ओळखीचा वाटेल. लिक्विडेशन म्हणजे सक्तीची विक्री. विक्रीने भाव पडतो, पडलेल्या भावाने पुढच्या माणसाचं लिक्विडेशन होतं, त्याच्या विक्रीने भाव आणखी पडतो... ब्रेक नसलेला लूप. १२ मार्च २०२० ला कोविडच्या घबराटीत हेच झालं. बिटकॉइन ७,९०० डॉलरच्या आसपास होतं, ते एका दिवसाच्या आत ४,००० च्या खाली आलं. ऐन पडझडीत बिटमेक्स काही वेळ बंद पडलं, आणि भाव सावरायला लागला. सर्व्हर बंद पडल्यामुळे बाजार वाचला असं बरेच जण आजही म्हणतात!

त्याच वर्षाअखेर बिटकॉइन २९,००० च्या आसपास होतं. जरा थांबून या दोन आकड्यांकडे पाहा. ११ मार्चला "वर्षभरात हे कुठल्या कुठे जाईल" असं म्हणून ज्याने स्वतःच्या पैशाने बिटकॉइन घेतलं आणि ॲप बंद करून ठेवलं, त्याचे पैसे तिपटीहून जास्त झाले. अगदी हेच म्हणून ज्याने दहापट लिव्हरेज घेतलं, तो दुसऱ्याच दिवशी शून्यावर आला. अंदाज दोघांचा एकच आणि बरोबर. पण दुसऱ्याने वाट बघण्याची मुभा विकून टाकली होती.

छोट्या नाण्यांवर हे दुप्पट लागू होतं. त्यांना गिऱ्हाईक कमी, त्यामुळे सक्तीची विक्री आली की भाव दरीत जातो. १० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेने चीनवर जादा १०० टक्के आयातशुल्क जाहीर केलं आणि चोवीस तासांत सुमारे १९ अब्ज डॉलरचे सौदे लिक्विडेट झाले. बिटकॉइन पंधरा टक्क्यांच्या आसपास घसरलं. काही छोटी नाणी मिनिटांत सत्तर-ऐंशी टक्के खाली गेली. तिथे दोनपट लिव्हरेजवालाही वाचला नाही. आणि पडलेलं नाणं परत वर येतंच असंही नाही. लुना एप्रिल २०२२ मध्ये ११९ डॉलरपर्यंत गेलं होतं. मे महिन्यात त्याची किंमत सेंटच्याही अंशावर आली आणि जुनं लुना तिथून उठलं नाही.

हे सगळं 'नव्या जमान्याचं' वाटत असेल तर १८६५ च्या मुंबईत चला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिथला कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या आणि शहरात पैशाचा पूर आला. त्या पैशातून कंपन्या निघाल्या. सगळ्यांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी: समुद्रात भराव घालून जमीन काढायची. ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या तेजीचे राजे. शेअर तारण ठेवून कर्ज, त्या कर्जातून आणखी शेअर, शिवाय १ जुलै १८६५ च्या वायद्याचे सौदे. एप्रिलमध्ये ली यांनी शरणागती पत्करली, ती बातमी येताच कापूस कोसळला, आणि १ जुलैला देणेकरी सगळेच, पैसे कुणाकडेच नाहीत. शेअरच्या तारणावर कर्जं वाटणाऱ्या बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० वरून ८७ रुपयांवर आला, पुढे बँकच बुडाली. प्रेमचंदांनी आईच्या नावासाठी आधीच देणगी दिली होती, म्हणून राजाबाई टॉवर तेवढा उभा राहिला.

आता गंमत बघा. समुद्रात भराव घातला तर सोन्याच्या भावाची जमीन मिळेल, हा त्या लोकांचा अंदाज चूक होता का? विसाव्या शतकात तिथे भराव पडला. मरीन ड्राइव्ह झाला, नरीमन पॉइंट झालं, आणि तिथल्या चौरस फुटाचा भाव तुम्हाला ठाऊकच आहे. अंदाज शंभर टक्के बरोबर होता. पण जमिनीला लागणार होती सत्तर-ऐंशी वर्षं आणि सौद्याची मुदत होती १ जुलै.

तेव्हा चहाच्या वेळी पुढचा कुणी "हे वर जाणारच" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. जाईलही. फक्त एवढंच विचारा, मध्ये अर्धं खाली आलं तर तू तोवर सौद्यात असशील का?